तुझी घागर कोणत्या उंबरठ्यावर, सुमे?

सुमे,

हेमूचा फोन येऊन गेला. तुझा हेमू, माझा भाचा, कॅनडात जाऊन बसलेला. मी ओट्यावर चहा घेत होतो. आधी त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग इकडं ऊन किती आहे ते विचारलं. मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो हॅलो करत राहिलो तेव्हा म्हणाला, "मामा, आखाजी जवळ आली. आईची पहिली घागर. मी इथं भरली तर चालेल का?"

चालेल की नाही ते मी सांगायचं. मी! तू होतीस तोवर असलं काही मला कोणी विचारत नव्हतं, सगळे तुझ्याकडं जायचे. आता तू गेलीस आणि तुझीच गोष्ट माझ्या गळ्यात पडली. मी म्हटलं, "विचारून सांगतो."

"कुणाला विचारता?"

"आहे एक," म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुझ्या धुळ्याच्या शाळेने तुझ्या आठवणींचा अंक काढायचं ठरवलंय. मोठ्या बाई इथवर येऊन सांगून गेल्या, "लोटनआबा, तुमच्याही चार ओळी हव्यात." मी म्हटलं, चौथीतून पळालेला माणूस मी, मला काय लिहिता येणार. तर म्हणाल्या, "बोलता तसं लिहा." तर बोलतोय. तू कुठं शिकलीस, कुठं शिकवलंस, किती पोरं हाताखालून गेली, ते बाकीचे लिहितील. मला फक्त घागरीचं विचारायचंय.

हे वाचणारं कोणी पुण्या-मुंबईकडचं असेल तर त्याच्यासाठी सांगतो. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातून गेलेल्या माणसांसाठी मातीची घागर भरतात. तिच्यावर डांगर ठेवतात, म्हणजे तुमचं खरबूज, आणि आंबे, सांजोऱ्या. निखाऱ्यावर घास टाकतात, ती आगारी. त्याआधी सकाळी उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाची बोटं उमटवतात. एक बोट, एक नाव. आईचं, बापाचं, आजाचं. ज्याचं नाव घेतलं तो त्या दिवशी त्या उंबरठ्यावरून आत येतो, जेवतो, पाणी पितो, जातो. इतकं सोपं आहे. निदान आजवर मला सोपं वाटत होतं.

बाईमाणसाची घागर सासरी, मुलाने भरायची. तुझं सासर धुळ्याला, दाजी जाऊन किती वर्षं झाली, देवपुरातल्या घराला कुलूप. मी मनाशी धरूनच चाललो होतो की तुझी घागर आपल्या घरी, आईबापाशेजारी, मी भरणार. अग्नी मीच दिला ना तुला. मग घागर माझी. हेमूने फोन केला आणि सगळं हललं.

मी तुझ्या वहिनीला म्हटलं, "दोन्हीकडं भरू. त्याने तिकडं भरावी, आपण इकडं."

ती पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "एका माणसाच्या दोन घागरी कुठं पाहिल्या तुम्ही? एका दिवशी ती कोणत्या दारात जाणार? माणूस आहे का एसटी?"

म्हणजे एकच. इथं नाहीतर तिथं. मी हेमूला हो म्हटलं तर तू या घरात येणार नाहीस. नाही म्हटलं तर तुझ्या पोराच्या दारात जाणार नाहीस. आणि तुला तर माहितीच आहे, तिकडच्या त्या दाराबद्दल आपलं दोघांचं किती भांडण होतं.

हेमूचं ऐक आधी. त्याने सगळी तयारी चालवली होती, मला विचारायच्या आधीच. त्याच फोनवर म्हणाला, "मामा, मातीची घागर मिळत नाहीये. फुलझाडांची कुंडी आहे मातीची, ती चालेल?"

"अरे, कुंडीला खाली भोक असतं."

"ते बुजवतो."

"बुजवू नको. तांब्याची बघ, नाहीतर स्टीलची. डांगर मिळतं?"

"मिळतं. आंबेही मिळतात, मेक्सिकोचे."

"म्हणजे आंबाही बाहेरून आलेला."

तो हसला. तुझ्यासारखाच हसतो, नाकातून. मग म्हणाला, "आगारीचं जमणार नाही घरात. धूर झाला की छतावरची घंटा वाजते, बंबवाले येतात. आगारी गॅलरीत टाकतो." आणि मग खरी अडचण सांगितली. "मामा, इथं उंबरठाच नाही."

"उंबरठा नाही म्हणजे?"

"दाराखाली काही नसतं. सपाट. बाहेरची फरशी तशीच आत येते."

मला ते डोळ्यांपुढं येईना. उंबरठा नाही तर घर कुठून सुरू झालं हे माणसाला कळतं कसं? गेलेल्या माणसाला तर आणखी कसं कळणार?

आपला उंबरठा तुला माहिती आहे. पश्चिमेच्या डोंगरातून बापाने आणलेला साग, वीतभर उंच. घर स्लॅबचं झालं तेव्हा मिस्त्री म्हणाला, काढून टाकू आबा, आता कोणी ठेवत नाही. मी म्हटलं, घर काढ, उंबरठा ठेव. तू दर वेळी त्याला ठेचकाळायचीस. ऐन घराशी आल्यावर, दोन्ही हातांत पिशव्या, आणि खाड्कन अंगठा. लग्नाआधी कधी ठेचकाळली नाहीस. मी म्हणायचो, "सासरी गेलीस आणि पाय उचलायला विसरलीस." मग तू इतकी सवय लावून घेतलीस की धुळ्याच्या तुझ्या सपाट दारातही पाय उचलून आत जायचीस. दाजी हसायचे, आपल्या तालुक्यावरून आली साक्रीची घोडी म्हणायचे.

आता पुस्तकाचं.

तू निवृत्त झालीस आणि पोरांसाठी कादंबरी लिहायला घेतलीस. 'तन्मयची दुसरी शाळा'. दर रविवारी पिंपळनेरच्या गाडीने यायचीस आणि ओट्यावर बसून मला वाचून दाखवायचीस. मला वाटायचं, मी मोठा भाऊ, म्हणून मान देतेस. नंतर कळलं, माझ्या तोंडून निघेल ते तू टिपून घेत होतीस. धुळ्याचा सहावीतला तन्मय आईबापाबरोबर परदेशात जातो, त्याची गोष्ट. पहिल्या दिवशी शाळेत सगळे उभे राहतात, तिकडचं राष्ट्रगीत सुरू होतं, याला शब्द येत नाहीत, हा नुसते ओठ हलवतो आणि मनात जनगणमन म्हणतो. ते मला आवडलं होतं. मी म्हटलं, "शाब्बास. पोरगं आपलं आहे." तू पान उलटून म्हणालीस, "पुढं ऐक."

पुढं आपलं बिनसलं. त्या पोराच्या शाळेत क्रिकेटची मॅच लागते, आपली आणि त्यांची. वर्गातली पोरं विचारतात तू कुणाकडून. हा एकावर एक दोन शर्ट घालून जातो. वरचा त्यांचा, आतला आपला.

मी म्हटलं, "हा लबाड आहे."

"तो बारा वर्षांचा आहे, भाऊ."

"बारा वर्षांचा लबाड आहे."

"तुझा उन्हाळ्यातही कोट घालायचा हट्ट, तो कशासाठी? आतला फाटका सदरा दिसू नये म्हणून. तो लबाडपणा नाही का?"

असं तू कुठलं कुठं न्यायचीस. मला राग यायचा तो तुझ्या बोलण्याचा नाही, बोलणं खरं असल्याचा यायचा.

आणि मग तो शपथेचा भाग. तन्मयचे आईबाप तिकडचे नागरिक होतात. एका सभागृहात सगळ्या देशांची माणसं उभी, उजवे हात वर. पोराच्या हातात कागदी झेंडा. त्याचा हात दुखायला लागतो, पण खाली करावा की नाही ते कळत नाही. हे तू वाचत होतीस तेव्हा माझं तोंड कडू झालं. मी उठून आत गेलो. तू मागून ओरडलीस, "भाऊ, पळतोस कुठं? अजून पान आहे."

मी आतूनच म्हटलं, "मी बठ्ठा देश देखेल शे. तू माले देश काय सांगस?" सगळा देश पाहिलेला माणूस मी.

तूही मग गावच्या बोलीत उतरलीस. "देखेल शे ना? मग सांग, तुना डोकामा देश म्हणजे काय शे?"

मी देश टायराखालून पाहिलाय, सुमे. ट्रकमध्ये सावद्याची केळी भरून दिल्ली, जम्मू, अमृतसर. थंडीत डिझेल गोठायचं, आम्ही टाकीखाली शेकोटी करायचो. कॅबिनमध्ये काचेपाशी छोटा झेंडा असायचा, पंधरा ऑगस्टला दर वर्षी नवा. वाटेत लष्कराच्या गाड्या दिसल्या की मी बाजू द्यायचो, हॉर्न न वाजवता. कोणी शिकवलं नव्हतं. तर माझ्या बहिणीने, जिला शिकवायला मी ते स्टिअरिंग धरलं, तिने लिहावं की हात वर करून माणूस दुसऱ्याचा होऊ शकतो आणि तरी वाईट नसतो? तुझ्या पुस्तकात त्यांना कोणी वाईटच म्हणत नाही! निदान एकाने तरी म्हणायला हवं होतं.

तू म्हणालीस, "म्हणतो की. आजोबा म्हणतात."

आजोबा म्हणजे मी. नाव दामूआबा ठेवलंस, पण कोट माझा, कानावरची विडी माझी, भिंतीवर टांगलेला ट्रकचा जुना हॉर्नही माझा. पुस्तक निघालं आणि पिंपळनेरच्या बाजारात लोक मला दामूआबा म्हणायला लागले. भाजीवाली म्हणते, "दामूआबा, मेथी घ्या." एसटीचा कंडक्टर म्हणतो, "काय दामूआबा, नातवाने उत्तर दिलं का?" मी त्याला म्हटलं, माझं नाव लोटन आहे, तिकीट फाड.

कारण शेवट तसा ठेवलास तू. तन्मय आजोबांना फोन करतो. आजोबा त्याला विचारतात, "कोना पोऱ्या शे तू?" कुणाचा मुलगा आहेस तू? आपल्याकडं गावात शिरलेल्या कुठल्याही पोराला विचारतात तसं. आणि पोरगं बोलत नाही. नुसता श्वास ऐकू येतो. पुस्तक संपलं.

"हे काय?" मी म्हटलं. "उत्तर लिही."

"माझ्याकडं उत्तर असतं तर निबंध लिहिला असता, कादंबरी कशाला लिहिली असती?"

"पोरांनी मग शिकायचं काय?"

"पोरांना शिकवायला मी आयुष्य घातलं, भाऊ. आता जरा त्यांना विचारू दे."

सुरतेवरूनही आपण भांडलो. तू म्हणालीस, आपलं अर्धं गाव सुरतेला गेलं, तिथंच घरं घेतली, पोरं गुजराती बोलतात, त्यांना कधी फितूर म्हणालास का? मी म्हटलं, सुरत काय परदेश आहे? झेंडा एकच आहे. तू म्हणालीस, "म्हणजे सगळं झेंड्यावर आलं." मी म्हटलं, "आलंच." तू म्हणालीस, "मग हेमू?" आणि मी कानावरची विडी काढून पेटवली. कारण तोवर हेमूने तो हात वर केलेला होता. मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं आणि मी तुझ्याकडं विषयही काढला नव्हता. तूही काढला नव्हतास. तू कादंबरी लिहिलीस. आपल्या घरात माणसं अशीच बोलतात.

शेवटच्या रविवारी तू म्हणालीस, दुसरी आवृत्ती निघतेय. "पोरं पत्रं पाठवतात, पुढं काय झालं विचारतात. शेवटी आजोबांचं एक वाक्य घालीन म्हणते. तूच सांग, भाऊ. पोरगं बोलत नाही, मग आजोबा काय म्हणतात?"

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. तुझा आजोबा, तू बघ."

"आजोबा माझा नाही, तुझा आहे."

गाडीत बसलीस, खिडकीतून हात बाहेर काढून म्हणालीस, "सांग हं!" मी मान फिरवली. त्याच आठवड्यात छातीत कळ आली आणि तू गेलीस. आता त्या मान फिरवण्याचं मी काय करू? पण मी तेव्हा सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही आज आठवत नाही. खरं तर तेव्हाही माहिती नव्हतं.

हेमू राख सावडायला पोहोचला. तापीवर माझ्याशेजारी उभा होता, डोकं भादरलेलं, थंडीत कुडकुडत. कॅनडाहून आलेला माणूस तापीकाठी कुडकुडतो! तेराव्याला माणसं पांगल्यावर मी त्याला म्हटलं, "दाखव तुझं ते पुस्तक." तो समजला. आत जाऊन पासपोर्ट आणला. निळं पुस्तक. मी वाट बघत होतो की हातात घेतल्यावर मला राग येईल. वरचं चित्र बघितलं तर त्यातही सिंह. म्हटलं, आपलेही सिंह, यांचाही सिंह, मग फरक काय? आत फोटो, फोटोत तुझं नाक. मी बोट ठेवून विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"जन्मठिकाण. धुळे."

"त्यांच्या पुस्तकात धुळे?"

"हो मामा. ते बदलत नाहीत."

मी ते किती तरी वेळ धरून बसलो. मला वाटत होतं शपथ घेताना हे सगळं पुसून टाकतात. तर त्यांनीच छापून दिलंय, शिक्क्यासकट. मग त्याने सोडलं काय? आणि सोडलं नाही म्हणावं तर तुझ्या मातीला वेळेवर का नाही पोहोचला? मला एका वेळी दोन्ही वाटत होतं. मी पुस्तक परत दिलं आणि म्हटलं, "सांभाळून ठेव, हरवशील." तेवढंच बोललो. तू असतीस तर म्हणाली असतीस, भाऊ विरघळला. विरघळलो नव्हतो. गोंधळलो होतो, आणि अजून आहे.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तू लगेच पुस्तकात घातली असतीस आणि वर म्हणाली असतीस, बघ, मी काय म्हणत होते.

अमृतसरला माल उतरवला होता. क्लीनर म्हणाला, चला उस्ताद, सीमा बघून येऊ. गेलो. दरवाज्यापाशी ही गर्दी, इकडून घोषणा, तिकडून घोषणा. मी असा ओरडलो की दुसऱ्या दिवशी घशातून आवाज फुटेना. परतताना गाडीची नळी फुटली होती म्हणून सीमेजवळच्याच एका धाब्यावर मुक्काम पडला होता. धाब्याच्या मालकाचा म्हातारा बाप, सरदारजी, खाटेवर बसलेला. माझा बसलेला आवाज ऐकून म्हणाला, "चिल्ला के आए हो? मैं भी जाता हूँ. मुझसे ज़्यादा कोई नहीं चिल्लाता." मला माणूस आवडला. मग त्याने शेतांपलीकडं, तारेच्याही पलीकडं, झाडांच्या काळ्या रेघेकडं हात केला. "वो पेड़ दिखते हैं? घर उधर है मेरा." आहे म्हणाला. होतं म्हणाला नाही. फाळणीत पोरवयात निघून आलेला.

मी विचारलं, "फिर चिल्लाते किसके लिए हो?"

"इसके लिए." आणि बोट खाली जमिनीकडं केलं. मला वाटलं पुढं काही बोलेल. तो म्हणाला, "चाय पियो," आणि उठून आत गेला. धाब्याचं दार माझ्याहून हातभर उंच, आणि हा बुटका म्हातारा चांगला वाकून, डोकं खाली घालून आत गेला. बाहेर आला तोही वाकून. मी त्याच्या पोराकडं बघितलं. पोरगा म्हणाला, "उधर वाले घर का दरवाज़ा नीचा था. बापू आज भी झुकते हैं."

केळी उतरवून रिकामी गाडी घेऊन मी परत आलो, वाटभर तो म्हातारा डोळ्यांपुढून जाईना. त्याला मी कुणाचा म्हणू? त्याच्याइतका देशाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं घर तारेपलीकडं. घरी पोहोचेपर्यंत मी ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. आज तुला सांगितलं. आता तुला पुस्तकात घालता येत नाही म्हणून सांगितलं असेल, किंवा तू ऐकून घ्यावंस म्हणून. मलाच नीट कळत नाही.

मी हेमूला परत फोन लावला. तुझी वहिनी शेजारी उभी होती, मी काय बोलतो ते बघायला.

"मामा, बोला. विचारलं का?"

"विचारतोय. आधी तू सांग. तुमच्यात बूट कुठं काढता?"

"काय?"

"बूट रे, पायातले. घरात आल्यावर कुठं काढता?"

"दारातच. आत चटई आहे, तिच्यावर. इथं बर्फ असतो ना, बुटांनी आत कोणी जात नाही. आईने पण, आली होती तेव्हा, तिथंच..."

"तिथं तिने पाय उचलला होता का? आत येताना?"

बराच वेळ श्वास ऐकू आला नुसता. मग म्हणाला, "हो. दर वेळी. आम्ही हसायचो."

सुमे, तू मला हे कधी सांगितलं नाहीस.

मी म्हटलं, "मग त्या चटईच्या अलीकडं लाव बोट. घागर तूच भर."

"आणि तुमच्याकडं?"

"एका माणसाच्या दोन घागरी नसतात." मी वहिनीकडं न बघता बोललो. "नावं लिहून घे आता. तुझ्या वडिलांच्या घरची आधी. आणि तुझ्या आईचे आईबापही घे, एवढ्या लांब तिला एकटीला नको."

नावं सांगितली आणि फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं, आपला बाप आयुष्यात भुसावळच्या पुढं गेला नाही. भुसावळचं जंक्शन बघून आला आणि वर्षभर सांगत बसला. त्याला मी कॅनडात बोलावलं! आणि इथंही मीच बोलावणार. तुझी एकच घागर आणि बापाच्या दोन, हा कुठला न्याय? वहिनीला विचारलं तर म्हणाली, "आता मला विचारू नका. तुम्हीच पंच झालात ना." पण डोळे पुसत होती.

आज आखाजी. सकाळी उंबरठा धुतला. वहिनीने कुंकू कालवून दिलं, मी खाली बसलो, गुडघे धरून. बापाचं बोट लावलं. आईचं लावलं. आजाचं, आजीचं, काकाचं. आईच्या शेजारी जागा होती. बोट कुंकवात बुडवलेलं, आणि मी ते धरून तसाच बसलो.

वहिनी म्हणाली, "लावून टाका एक. कोण बघतंय?"

नियम तिनेच सांगितला होता.

मी म्हटलं, "पोराला शब्द दिलाय." आणि बोट धोतराला पुसलं. डाग निघत नाही तो.

घागर भरली, आगारी टाकली, जेवणं झाली. तुझ्याशिवाय ही पहिली आखाजी, आणि मी तुला माझ्या हाताने दुसऱ्या घरी पाठवलं. बरोबर केलं का, माहिती नाही. तुझ्या त्या आजोबाचं वाक्यही मला अजून सापडलेलं नाही. पोरगं बोलत नाही तेव्हा तो म्हातारा काय म्हणतो, हे आता मी सांगितलं तरी लिहून घ्यायला तू नाहीस. मोठ्या बाई म्हणाल्या, तुम्हीच घाला शेवटी. मी म्हटलं, राहू द्या तसंच. पोरांना विचारू द्या.

ऊन कललंय. आपल्याकडं दुपार सरली की त्यांच्याकडं उजाडतं, असं हेमू म्हणाला. म्हणजे आता तो उठला असेल, अंघोळ करून चटईपाशी बसला असेल, कुंकवाची वाटी घेऊन, माझ्यासारखाच बोट हवेत धरून. तुझं नाव घेईल तेव्हा तू जा. वाट लांब आहे, मधे किती नाके लागतात कोण जाणे, तुला तुझ्या सवयीने सगळं विचारत जायला वेळ लागेल. पण जा.

आणि एक ऐक. दार आलं की तू सवयीने पाय उचलशील. उचलू नकोस. तिथं काही नाही. सरळ आत जा.